नवऱ्याने पटवलेली ओळख

रोहा,
गुरुवार, १९ मार्च १९९२

ती. मालूमावशीस,

मैनाचा नमस्कार तुझ्या पायांशी ठेवला आहे. पाय सध्या सुजतात असं तू कळवलं होतंस, तेव्हा जड वाटला तर बाजूच्या पाटावर सरकवावा. काकांचा खोकला कसा आहे? डॉक्टरांचं औषध ते स्वतः घेतात की अजून शेजाऱ्यांना देतात? रामवाडीहून जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्याकडे जाणारी सकाळची गाडी वेळेवर येते का? परदेशी जायच्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी यंदाही तुझ्याकडेच असेल. त्या दिवसांत तू कोणाशी बोलत नाहीस, बोललं की गणपती तिरळा होतो असं म्हणतेस, म्हणून मी पत्र लिहिते. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

माझी तब्येत चांगली आहे. खोली चांगली आहे, घरमालकीण चांगली आहे, जेवणही चांगलं असतं. (हे वाचून तू काकांना 'पोरगी काहीतरी लपवते' म्हणशील. लपवत नाही. कळवण्यासारखं काही घडत नव्हतं, एवढंच. आता घडलं आहे, म्हणून पत्र लांबणार आहे. चष्मा घेऊन बस.)

कोर्ट कुठलं ते तुला ठाऊक आहे, पत्रात लिहीत नाही. आपल्या भागात पत्र पोचण्याआधी दोघा-तिघांचं वाचून झालेलं असतं. (पोस्टमनदादांनाही नमस्कार.) धाटावच्या कंपनीनं प्रयोगशाळा दुसरीकडे हलवली आणि मी परीक्षा देऊन इथं कारकून झाले, तेव्हा तू म्हणालीस की केमिकलचा डिप्लोमा करून पोरगी कागद चाळत बसणार. कागद चाळत नाही. जानेवारीपासून मी नाझरांच्या हाताखाली पैशाच्या खिडकीवर आहे. नाझर म्हणजे कोर्टात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पैशाला जबाबदार असलेला कारकून. आमचे नाझर कमळाकरभाऊ. स्वभावानं मऊ आहेत, पण पैशाच्या बाबतीत आपल्या स्वतःवरही विश्वास ठेवत नाहीत. तिजोरीला दोन कुलपं आहेत. एक किल्ली त्यांच्याकडे आणि दुसरी वरच्या अधिकाऱ्यांकडे. एकट्याला तिजोरी उघडता येत नाही. या दोघांचं आपसांत अजिबात पटत नाही, त्यामुळे सरकारी पैसा सुरक्षित आहे.

नियम मला आवडले. आधी पावती, मग गल्ला. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही करायची. दिवसाचा जमा पैसा सरकारी खात्यात भरायचा, घरी न्यायचा नाही, उशाशी ठेवायचा नाही, 'सकाळी भरू' म्हणायचं नाही. सर्वांत छान नियम स्वतःच्या पैशाचा. सकाळी खिडकीवर बसण्याआधी आपल्या पर्समध्ये किती पैसे आहेत ते एका वहीत लिहून सही करायची, म्हणजे संध्याकाळी जास्त निघाले तर कुठून आले हे विचारता येतं. कमळाकरभाऊंच्या नावापुढे रोज पाच रुपये असतात, कारण वहिनी पाचच देतात. आमचे बेलिफ पोपट यांच्या नावापुढे महिन्याच्या वीस तारखेपासून 'निरंक' असतं. (बेलिफ म्हणजे लोकांच्या दारात समन्स नेऊन देणारा. गावोगाव हाका मारून त्यांचा आवाज इतका मोठा झाला आहे की त्यांनी कानात सांगितलेलं फाटकापर्यंत कळतं.) कोणाकडे उसने मागावेत हे ठरवण्यासाठी ही वही सगळी कचेरी वाचते. माझी कोणी वाचत नाही. मी उसने देत नाही हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना कळलं.

एका बाबतीत मात्र माझं आणि कमळाकरभाऊंचं जुळत नव्हतं. प्रयोगशाळेत मी शिकले ते असं, की नमुन्यात काही वेगळं दिसलं तर लिहून ठेवायचं. कारण मागाहून शोधता येतं, पण न लिहिलेली गोष्ट घडलीच नाही असं धरलं जातं. मी इथंही लिहायला लागले. कमळाकरभाऊ म्हणाले, "मैनाताई, तिकडं तुम्ही बाटलीत काय हाय ते बघायच्या. इथं बाटलीला बूच नीट हाय का, एवढंच बघायचं. आतलं बघायला वर सायेब बसलेत." मी मान हलवली. पटलं होतं म्हणून हलवली नाही, त्यांचा चहा थंड होत होता म्हणून.

आता मुख्य गोष्ट. ज्या बाईला नवऱ्यानं सांभाळायचं नाकारलं, तिला त्यानं दर महिना ठरावीक रक्कम द्यावी असा कोर्टाचा आदेश होतो, ही पोटगी. नवरा ती आमच्या खिडकीवर भरतो, आम्ही पावती देतो. मग बायको येते, अंगठा उठवते, पैसे नेते. तिच्या अंगठ्याशेजारी ओळखीच्या कोणीतरी 'ही तीच बाई आहे' म्हणून सही करायची असते. नाहीतर एकीची पोटगी दुसरी घेऊन जाईल.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला हिरामण नावाचा खाडीकडचा माणूस दोनशे रुपये भरायला आला. मिठागरावरून तसाच आला होता. नोटा कंबरेच्या पिशवीत, खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या. मोजल्या तर कमी भरत होत्या, सोडवल्या तर फाटतील अशा चिकटलेल्या. ओला नमुना मोजायचा नसतो, आधी वाळवायचा असतो. मी नोटा हलक्या हातानं सोडवून टेबलावर मांडल्या आणि पंखा एकवर ठेवला. व्होल्टेज इतकं कमी होतं की पात्यांवरची धूळ मोजता येत होती. नोटा वाळल्या आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज परत आलं.

पुढे काय झालं ते मी अहवालात एका वाक्यात लिहिलं आहे. तुला जरा सविस्तर लिहिते. नोटा खिडकीतून व्हरांड्यात गेल्या. एक आत कोर्टात गेली आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याशी उतरली. साक्षीदारानं, शपथेवर असतानाच, तिच्यावर पाय ठेवला. व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. ती पदर खोचून नोटांमागे धावली आणि हिरामण तिला दिशा दाखवू लागला.

"धर गो, ती धाची तिकडं चालली."

"तुमच्या पायाखाली बघा आधी. धा रुपयावर उभं र्‍हाऊन मला शिकवतात."

"ही पाचाची हाय."

"मग पाचावरनं उतरा."

पोपट यांनी साक्षीदाराच्या पायाखालची नोट आणली. (साक्षीदार म्हणाला, मी ती जपत होतो. त्याची बाकीची साक्ष खरी असावी अशी आशा आहे.) मी रक्कम दोनदा मोजली. ती बाई खिडकीबाहेरून माझ्याआधी मोजून मोकळी झाली होती. "पुरे हायत," ती म्हणाली आणि जाऊन बाकावर बसली. मी हिरामणला पावती दिली.

थोड्या वेळानं हाक दिली की पोटगी घेणाऱ्या बायजाबाई कोण, तर तीच बाई उठली. मी विचारलं, ओळख पटवणारं कोण आहे? हिरामण पुढे झाला. "मी हाय ना. हिला मी वळखतो."

"वळखतो म्हने," बायजाबाई अंगठ्याला शाई लावून घेत म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं वळखलं असतं तर कोर्टाची पायरी कशाला चढले असते."

मी नियमांचं पुस्तक काढलं. ओळख पटवणारा माणूस भरवशाचा असावा असं त्यात आहे. तो पैसे भरणारा नवराच नसावा असं कुठंही नाही. लिहिणाऱ्याला ही शक्यता सुचली नसावी. कमळाकरभाऊ म्हणाले की तीन वर्षं हिरामणच सही करतोय, आणि हिला त्याच्यापेक्षा जास्त ओळखणारा माणूस आणायचा कुठून? पैसे दिले. संध्याकाळी मी स्टँडवर गाडीला उभी होते, तर हे दोघं एकाच कागदातले वडे खात बसले होते. मिरच्या तो तिच्याकडे सरकवत होता. मग एका गाडीत, एका सीटवर, एक पिशवी मांडीवर घेऊन गेले.

महिनाभर ही गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. (तू म्हणशील, दुसरं काही नाही का डोक्यात? नाही.) दहा मार्चला हिरामण पैसे भरून चहाला गेला, तेव्हा मी बायजाबाईंनाच विचारलं की तुम्ही वेगळ्या राहता ना? त्या खिडकीच्या गजाला टेकल्या आणि आपल्या विहिरीवर सांगतात तसं सांगू लागल्या. तीन वर्षांपूर्वी हिरामणची कमाई पत्त्यांत जात होती. बायजाबाई मुलीला घेऊन माहेरी गेल्या, केस केली, दोनशेचा आदेश झाला. दोन महिने त्यानं पैसे भरले आणि तिसऱ्या महिन्यात सासरवाडीच्या अंगणात येऊन उभा राहिला. नुसता उभाच. भावांनी शिव्या दिल्या, त्यानं ऐकल्या. जेवायला बोलावलं, जेवला. बायजाबाई परत आल्या, पण एका अटीवर. पैसे कोर्टातूनच यायचे.

"घरात हातावर ठेवलं ना बाय, का दुसऱ्या दिवशी मागतो. गोड बोलून मागतो. मला नाय म्हनता येत नाय. पन हितनं आलेल्या पैशाला तो शिवत नाय. सरकारी पैसं हाय म्हनतो. माझ्या पेटीत असलं तरी सरकारीच. हात लावला तर आत टाकतील, असं त्याला वाटतं."

मी म्हटलं, असा काही कायदा नाही.

"नाय ते मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "तू त्याला सांगू नको म्हंजी झालं."

त्यांची मुलगी सरू तुझ्याच गावात, पेणला, वसतिगृहात राहून शिकते. हे दोनशे रुपये तिच्या खानावळीला जातात. वीस तारखेच्या आत भरले नाहीत तर ताट बंद. परीक्षा तोंडावर आहे.

मावशी, यानंतर मी जे केलं ते मी चूक म्हणून लिहीत नाही. (लिहिलं तर नोंद होईल.) कोर्टाच्या आदेशाचा पैसा माझ्या हातून जात होता, ज्या कारणासाठी जात होता ते कारण तीन वर्षांपूर्वीच संपलेलं दिसत होतं, आणि मला ते कळलं होतं. मी दोन ओळींची टीप लिहिली. उभय पक्षकार एकाच घरात राहत असल्याचे समजते, सबब रक्कम पुढे अदा करावी किंवा कसे याबाबत आदेश व्हावा. सही केली, आवक नंबर घातला आणि मग कमळाकरभाऊंसमोर ठेवली.

कमळाकरभाऊंनी वाचून चष्मा काढला आणि पुसला. काच स्वच्छच होती. "नंबर घातलात?"

"घातला."

"आधी मला दाखवून मग घालायचा होता ना, ताई. बिननंबरी कागदाला मरता येतं. ह्याला आता उत्तर लागणार."

उत्तर दुपारी आलं. न्यायाधीश साहेबांनी लिहिलं की दोन्ही पक्षकारांना बुधवारी हजर करावं आणि तोवर रक्कम देऊ नये. हिरामणनं भरलेले दोनशे रुपये (या खेपेला कोरडे) तिजोरीत गेले आणि दोन्ही कुलपं लागली. बायजाबाईंना हे मीच सांगायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढून मला दाखवली.

"वालाचं बिरडं करशील म्हनून सोललेलं वाल आनलंवतं तुला. एकटी र्‍हाते म्हनून. आता नाय देत." पुडी परत पिशवीत गेली. "काय गो बाय, तुझं काय खाल्लं आमी?"

(पक्षकाराकडून काही घेणं मला चालत नाही, त्यामुळे वाल घेता आले नसतेच. तरी हे मी तुला का लिहिते आहे, ते मला सांगता येणार नाही.)

मधला आठवडा कसा गेला ते विचारू नकोस. मी माझे दोनशे रुपये वसतिगृहात भरावेत असा विचार केला. मग पुस्तक काढून पाहिलं. खिडकीवर बसणाऱ्यानं पक्षकाराशी पैशाचा व्यवहार ठेवायचा नसतो, आणि पर्सच्या वहीत खोटं लिहायची माझी तयारी नव्हती. मी कमळाकरभाऊंना विचारलं की टीप मागे घेता येते का? ते म्हणाले, कागद गिळता येतो, नंबर गिळता येत नाय. रागावले नव्हते. त्या दिवशी पाचातले दोन रुपये खर्चून त्यांनी माझ्यासाठीही चहा मागवला.

मंगळवारी बायजाबाई आपली तारीख नक्की कधी ते विचारायला आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत, पोपट यांच्याकडे चौकशी करून व्हरांड्यातल्या बाकावर टेकल्या. आता हे नीट वाच. मी बायजाबाईंना काहीही शिकवलेलं नाही. पक्षकाराला शिकवणं कारकुनाला मना आहे. मी फक्त पोपट यांना, कामाची माहिती म्हणून, विचारलं की दोघांतला वाद मिटला असला तर प्रकरण बंद होतं आणि मिटला नसला तर चालू राहतं, असंच ना?

"हे काय विचारनं झालं मैनाताई?" पोपट म्हणाले. "वाद हाय तर केस हाय. वाद नाय तर घरी जा."

ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. बाकावरच्या बायजाबाई उठल्या, माझ्याकडे न बघता पदर सारखा केला आणि गेल्या.

काल सुनावणी झाली. मी तिजोरीतल्या रकमेचा तपशील घेऊन बाजूला उभी होते. बायजाबाईंनी भांडण ठरवून आणलं होतं, पण ते त्यांना नीट बसलं नव्हतं. "ह्यो मला सांभाळत नाय," त्यांनी सुरुवात केली. साहेबांनी विचारलं, आज कोर्टात कोणाबरोबर आलात? "ह्याच्यासंगंच." जेवण? "सकाळची भाकरी खाऊनच निघालो दोघं." मारहाण करतो का? "आता खोटं कसं बोलू सायेब. परवा माझं डोकं दुखत होतं तर बाम चोळला त्यानं." मागं बसलेले वकील हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी कागदावरून नजर उचलली नाही. हिरामणला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बायको आपल्यावर आळ घेते आहे आणि लगेच मागे घेते आहे, हे तो नुसता पाहत होता.

साहेबांनी लघुलेखकाला खूण केली आणि 'उभय पक्षकार एकत्र नांदत असल्याने' इथपर्यंत सांगितलंसुद्धा. मावशी, तिजोरीतले पैसे त्या वाक्याच्या शेवटाला हिरामणच्या हातात परत जाणार होते, आणि त्याच्या हातातून कुठे, ते सगळ्या खाडीला ठाऊक आहे. मी हातातला कागद घट्ट धरला होता. (नंतर पाहिलं तर अंगठ्याच्या जागी भोक पडलं होतं. प्रत नवी केली.)

तेवढ्यात हिरामणनं शाळेत करतात तसा हात वर केला. "सायेब, माझी तक्रार हाय."

साहेब म्हणाले, बोला.

"दोनशे कमी पडतात. तीनशे करा."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पैसे तुम्ही देता ना, त्यांनी विचारलं.

"व्हय, मीच देतो. मिठागर सोडलं, आता धाटावला कंत्राटी लागलोय, शिफ्टमदी. पगार रोख देतात नि गेटाभायेरच डाव बसलेला असतो. जेवढं हितं भरतो तेवढंच वाचतं बघा. हितलं सरकारी होतं, त्याला मी हात लावीत नाय. तीनशे सरकारी करा, शंभर तेवढं वाचतील."

कोर्टात कोणी हसलं नाही. पण बायजाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आणलेलं भांडण बाजूला पडलं आणि खरं सुरू झालं.

"तीनशे? मला इचारलं का? नि घरात काय उरंल? तेल-मीठ काय पावतीवर आनू?"

"मीठ आनायला लागतं व्हय तुला? इतकी वर्षं फुकट खाल्लंस."

"बघा सायेब, बघा. नि ती सायकल घेतलीय त्याचा हप्ता कोन देनार? तीनशे हितं भरतील नि हप्त्याला माझ्याच पेटीकडं येतील."

"पेटीला मी कधी हात लावला काय गो? तीन वर्सांत? खरं सांग सायबांफुडं."

"लावला नाय. पन तिच्याकडं बघत बसता ना जेवताना."

दोघं आमनेसामने उभे राहून बोलत होते, दोघांचेही आवाज चढले होते, आणि पोपट यांनी 'शांतता' म्हटलं तेव्हा तेही त्यात मिसळून गेलं. साहेब पेन खाली ठेवून ऐकत राहिले. बराच वेळ ऐकलं. मग लघुलेखकाला आधीचं वाक्य काढायला सांगितलं आणि नवं सांगितलं, ते मी जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. 'उभय पक्षकारांमध्ये पोटगीच्या रकमेबाबत गंभीर मतभेद असल्याचे न्यायालयासमोर दिसून आले. वाद मिटल्याचे म्हणता येत नाही. सबब मूळ आदेश कायम. वाढीच्या मागणीवर पुढील तारखेस विचार होईल.' पुढची तारीख जुलैची दिली. शेवटी साहेब माझ्याकडे वळले आणि आणखी एक ओळ घातली, की यापुढे रक्कम अदा करताना ओळख पटवणारी व्यक्ती रक्कम भरणारी नसावी.

हिरामणला ही शेवटची ओळ लागली. "मी नाय तर कोन वळखनार हिला?" तो बाहेर येऊन पुन्हा पुन्हा म्हणत होता. कालच्यापुरती एका वकिलांनी सही केली, पैसे न घेता. (त्यांनी अशील नसताना केलेलं हे पहिलंच काम असावं.) कमळाकरभाऊंनी आणि वरच्या अधिकाऱ्यांनी, एकमेकांकडे न बघता, दोन्ही कुलपं काढली. मी दोनशे रुपये मोजून दिले. बायजाबाईंनी माझ्या देखत पुन्हा मोजले, तशाच मुठीत धरून पेणच्या गाडीला गेल्या. हिरामण दुपारच्या शिफ्टला धाटावला गेला. आज सकाळी मी सरकारी कामाच्या फोनवर वसतिगृहाला फोन केलेला नाही. घरमालकिणीच्या फोनवरून केला, पैसे देऊन. ताट चालू आहे.

कमळाकरभाऊ संध्याकाळी रोजचा मेळ घालताना म्हणाले, "हे दोघं भांडतात तोवर पोरीचं शिक्षान होईल." आणि मग, वर न बघता, "तुमची टीप वाईट नव्हती. आता कागदोपत्री पक्कं तरी झालं." ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. मी त्यांना ते कळलं असल्याचं दाखवलं नाही.

काकांना नमस्कार सांग. पाय पाण्यात सोडून बसत जा. मूर्तींच्या डोळ्यांना घाई करू नकोस आणि स्वतःच्या डोळ्यांना ताण देऊ नकोस. बाकी इथं सर्व व्यवस्थित.

तुझी,
मैना

ता. क. : पत्रातली नावं कारखान्यात कोणाला सांगू नयेत. सांगितलीसच तर निदान हिरामणला 'सरकारी पैशा'बद्दल कोणी खरं काय ते सांगणार नाही, एवढं बघ.

ता. क. २ : खरं काम राहिलंच. आता दर दहा तारखेला बायजाबाईंना ओळखणारं कोणीतरी लागणार. आम्हा कारकुनांना सही करता येत नाही. वकील रोज फुकट भेटत नाहीत. तू आलीस तर काम होईल. पण न ओळखता 'ओळखते' म्हणून सही केलेली मला चालणार नाही, म्हणून तू आधी वसतिगृहात जाऊन सरूला भेट, तिला काहीतरी खायला ने. मग आठ तारखेला इकडे ये. नऊला आपण बायजाबाईंच्या घरी जाऊ. (मी कचेरीच्या वेळेनंतर, तुझी भाची म्हणून येईन. खाणार काही नाही.) दहाला सही कर. परतीची घाई करू नकोस, अकरालाही गाड्या असतात. हे दर महिन्याला करावं लागेल. तुझ्या कामाचा खोळंबा होईल याची मला कल्पना आहे.

ता. क. ३ : पत्र बंद करण्याआधी एक दुरुस्ती. वरच्या ता. क. मधला मजकूर पूर्ण बरोबर नाही. बायजाबाईंच्या गावचे शाळामास्तर दर महिन्याला सही करायला तयार आहेत. काल पैसे देऊन झाल्यावर ते कचेरीत आले होते, तेव्हाच मी त्यांना विचारलं आणि त्यांचं नाव साहेबांकडून मंजूरही करून घेतलं. तेव्हा ओळख पटवण्यासाठी तुझी गरज नाही. खोलीत दुसरी गादी आणून ठेवली आहे. दहा तारखेलाच यावं असं नाही.